तापला की करंट चढतो: आयआरएफ ५१० लिनिअरच्या बायसमध्ये नेमके काय बदलावे

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. दोन आयआरएफ ५१० मॉसफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) पुश-पुलमध्ये, म्हणजे लहरीचा अर्धा-अर्धा भाग एकेकाने उचलावा असे लावून केलेला, १३.८ व्होल्टवर चालणारा घरगुती एचएफ लिनिअर, म्हणजे हॅम रेडिओचा सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर आहे. रचना साधारण µबिटेक्स या घरी जुळवायच्या ट्रान्सीव्हरच्या धर्तीची. बायससाठी, म्हणजे गेटवरच्या स्थिर व्होल्टेजसाठी, ७८एल०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर, त्याच्यापुढे दोन्ही मॉसफेटना प्रत्येकी १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलायचा रोध), आणि प्रीसेटच्या मधल्या पायावर ४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. थंड असताना दोन्हींचा मिळून २०० मिलिअँपिअर आयडल (सिग्नल नसतानाचा) करंट लावला होता. अर्धा तास एफटी८ (कॉम्प्युटरवरून पाठवायची डिजिटल पद्धत) चालवल्यावर ड्राइव्ह, म्हणजे आत येणारा सिग्नल, नसताना तोच करंट सावकाश चढून ५२० मिलिअँपिअर दिसतो आणि हीटसिंकला बोट टेकवत नाही. थंड झाला की करंट परत २०० वर येतो. आउटपुट ८ वॅटच्या आसपास आहे. विचारलेले तीन प्रश्न असे: बायस कमी करून ठेवू का? मॉसफेटच्या सोर्सला (ग्राउंडकडच्या पायाला) रेझिस्टर टाकू का? आणि हे सुधारल्यावर २४ व्होल्टवर जाऊ का?

बायस कमी करून ठेवू नका. थंड असताना ५० मिलिअँपिअर लावलात तर गरम झाल्यावर तो बरोबर दिसेल, पण प्रत्येक ओव्हरची (बोलण्याच्या पाळीची) सुरुवात, म्हणजे समोरचा तुम्हाला पहिल्यांदा ऐकतो तो भाग, वेडावाकडा जाईल. बायस तापमानाच्या मागोमाग खाली आला पाहिजे. त्यासाठी चार डायोड, एक वेगळा रेग्युलेटर आणि थोडे सोल्डरिंग पुरते. मात्र सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी वाढणारा करंट खरोखर तापमानामुळेच वाढतो आहे ना, हे पक्के करा. लोक इथेच घाई करतात.

अँटेनाच्या जागी डमी लोड (५० ओहमचा रोध) लावा. नसेल तर १ किलोओहम, २ वॅटचे वीस मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडा. ५० ओहम आणि ४० वॅट मिळतात. वायरवाउंड नको, त्याचे इंडक्टन्स आड येते. लिनिअर नेहमीसारखा तापवा, मग माइक काढून किंवा ऑडिओ शून्यावर नेऊन पीटीटी (ट्रान्समिटचे बटण) दाबून धरा. आता मल्टिमीटरने प्रीसेटच्या मधल्या पायावरचा व्होल्टेज बघा. मॉसफेटच्या गेटवर थेट प्रोब लावू नका. प्रोबची वायर तिथे अँटेना होते. व्होल्टेज थंड असताना होता तेवढाच असेल आणि करंट मात्र वाढलेला असेल, तर दोषी मॉसफेटचे तापमान. व्होल्टेजच वर सरकला असेल तर बायस पुरवठा बघायचा: रेग्युलेटर तापतोय का, प्रीसेट खराब झालाय का, आरएफ त्या लाइनमध्ये शिरतेय का. तिसरी शक्यता स्वयंदोलनाची, म्हणजे लिनिअर स्वतःच सिग्नल निर्माण करू लागण्याची. ड्राइव्ह शून्य असताना वॅटमीटरची सुई हलते, ट्रान्सफॉर्मरजवळ बोट नेले की करंट उडी मारतो, प्रीसेट फिरवताना करंट हळूहळू न चढता एकदम टप्प्याने चढतो, ही त्याची लक्षणे. तसे असेल तर बायस बदलून काही साधणार नाही. गेटजवळचे रेझिस्टर, फीडबॅक आणि ग्राउंडिंग बघावे लागेल.

तुमच्या वर्णनावरून हा पहिला प्रकार वाटतो, कारण करंट सावकाश चढतो आणि थंड झाला की परत २०० वर येतो. दोलन असे शिस्तीत वागत नाही.

आता आकडे. आयआरएफ ५१० हा मुळात स्विचिंगसाठी बनवलेला मॉसफेट. डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे मॉसफेट वाहू लागतो तो गेटचा व्होल्टेज, २ ते ४ व्होल्ट दिलेला आहे, म्हणजे दोन नगांत बराच फरक असू शकतो. प्रत्यक्षात १०० मिलिअँपिअरसाठी गेटला साडेतीन ते चार व्होल्ट लागतात. तापमान एक अंशाने वाढले की हा थ्रेशोल्ड ५ ते ७ मिलिव्होल्टने खाली येतो. ‘मॉसफेट स्वतःला सांभाळतो, त्याला थर्मल रनअवे (तापला की करंट वाढणे आणि त्याने आणखी तापणे) नसतो’ असे सर्रास ऐकू येते. ते जास्त करंटला, स्विच म्हणून वापरताना खरे आहे. तिथे चॅनेलचा रोध तापमानासोबत वाढतो आणि करंट आपोआप आवरला जातो. आपला आयडल करंट त्या सीमेच्या पुष्कळ खाली असतो. तिथे थ्रेशोल्डची घसरण वरचढ ठरते आणि करंट तापमानासोबत वाढतच जातो.

समजा बायस लावला तेव्हा हीटसिंक ३० अंशांवर होता आणि आता ७० वर आहे. ४० अंश गुणिले ६ मिलिव्होल्ट, म्हणजे २४० मिलिव्होल्ट. तुम्ही प्रीसेटला हातही न लावता तो तेवढा पुढे फिरवल्यासारखे झाले. या भागात करंट साधारण वर्गाच्या नियमाने वाढतो. १०० मिलिअँपिअरला गेट थ्रेशोल्डच्या वर ०.४ व्होल्ट धरला, तर आता तो ०.६४ वर आला. वर्ग केला की १०० चे २५० होतात. दोघांचे ५००. तुमचा मीटर ५२० दाखवतो आहे, म्हणजे गणित जुळते.

काळजीची बाब याच्या पुढची आहे. एका नगातून २५० मिलिअँपिअर वाहत असताना ट्रान्सकंडक्टन्स (गेटचा व्होल्टेज बदलला की करंट किती बदलतो ते) पाऊण सीमेन्सच्या आसपास येतो. तापमान एक अंशाने वाढले की प्रत्येकाचा करंट साडेचार मिलिअँपिअरने वाढतो, दोघांचा ९ ने. १३.८ व्होल्टला ही सुमारे १२५ मिलिवॅट जादा उष्णता. तुमचा हीटसिंक प्रतिवॅट ५ अंशांचा धरला तर तो यामुळे ०.६ अंशाने आणखी तापतो. त्यात मॉसफेटच्या आतले जंक्शन आणि हीटसिंक यांमधला फरक आला: डेटाशीटप्रमाणे जंक्शन ते केस ३.५ अंश प्रतिवॅट, अभ्रक आणि पेस्टचा साधारण एक. तिथे आणखी जवळपास ०.३ अंश. म्हणजे एक अंश वाढल्यामुळे परत ०.९ अंश वाढ मिळते. हा आकडा १ च्या वर गेला की परतीची वाट नाही; पीटीटी दाबून ठेवलात तर मॉसफेट उडेपर्यंत करंट चढत राहील. तुम्ही ०.९ वर उभे आहात. खोक्याचे झाकण लावून, मे महिन्यात नागपूरला हाच सेट चालवला असता तर बहुधा हा प्रश्न लिहायला लिनिअर उरला नसता. २४ व्होल्टला तेच गणित १.७४ पट होते, म्हणजे १.६ च्या घरात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निम्मे इथेच मिळाले.

सोर्स रेझिस्टरचे लगेच उरकतो. सोर्सला ०.२२ ओहम टाकला तर १०० मिलिअँपिअरला त्यावर २२ मिलिव्होल्ट पडतात. सरकलेत २४०. गेन थोडा सपाट करायला आणि दोन नगांतला फरक झाकायला तो ठीक. तापमानासाठी त्याच्यावर विसंबू नका. प्रभाव दिसेल एवढा मोठा रेझिस्टर टाकलात तर त्या व्होल्टेजचा फटका थेट आउटपुटला बसेल.

मग डायोड. सिलिकॉन डायोडचा व्होल्टेज एका अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. थ्रेशोल्ड ६ ने उतरतो, म्हणून तीन डायोड प्रीसेटच्या खाली ग्राउंडकडे टाकले की झाले, असे वाटते. होत नाही. प्रीसेट हा व्होल्टेज विभाजक आहे. तो डायोडचा व्होल्टेज विभागतो तशी त्याची घसरणही विभागतो. वरच्या टोकाला रेग्युलेटर ठाम उभा, खालचे टोक तापमानासोबत हलते आणि मधला पाय जितका वर, तितका त्याला खालचा हलकावा कमी जाणवतो. ५ व्होल्टचा रेग्युलेटर, खाली तीन डायोडचे १.८५ व्होल्ट आणि मधला पाय ३.७ वर असेल, तर (५ − ३.७) भागिले (५ − १.८५), म्हणजे ०.४१. सहा मिलिव्होल्टपैकी गेटपर्यंत जेमतेम अडीच पोचतात. ‘डायोड लावून पाहिले, फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांचे सर्किट उघडून बघा, बहुतेक वेळा ७८एल०५च असतो.

म्हणून वरचे टोक उंच न्यायचे. मी ७८एल०८, म्हणजे ८ व्होल्टचा रेग्युलेटर, सुचवतो. त्याच्या आउटपुटपासून ३.३ किलोओहमचा एक रेझिस्टर. त्याच्या दुसऱ्या टोकापासून ५ किलोओहमचे दोन बहुफेरी प्रीसेट समांतर. दोघांची खालची टोके एकत्र. तिथून ग्राउंडपर्यंत सिरीजमध्ये चार १एन४१४८ डायोड. डायोडमधून १ मिलिअँपिअरच्या जरा खाली करंट वाहतो, चौघांवर मिळून सुमारे २.५ व्होल्ट पडतात. प्रीसेटची व्याप्ती २.५ ते ४.९ व्होल्ट मिळते, जी बहुतेक सगळ्या खऱ्या आयआरएफ ५१० ला पुरते. आता विभाजन बघा: (८ − ३.७) भागिले (८ − २.५), म्हणजे ०.७८. चार डायोडचे ८ मिलिव्होल्ट, त्यातले सव्वासहा गेटवर येतात. हवे होते तेवढेच.

वरचा ३.३ किलोओहम काढून टाकण्याचा मोह होईल, कारण त्याच्याशिवायही सर्किट चालते. ठेवा. प्रीसेट चुकून पूर्ण वर फिरला तरी गेटला ४.९ च्या वर जाता येत नाही, त्याचे हे काम आहे. त्याच हेतूने प्रत्येक प्रीसेटच्या मधल्या पायापासून ग्राउंडला ४७ किलोओहम जोडा. प्रीसेटचा मधला पाय झिजून सुटला तर गेट हवेत लटकण्याऐवजी शून्यावर येते, आणि रिसीव्हवर रेग्युलेटर बंद झाल्यावर गेटवर काही उरत नाही. १० किलोओहम टाकला तर विभाजन बदलते आणि भरपाई घटते, म्हणून ४७.

७८एल०८ ला इनपुट ट्रान्समिट लाइनमधून द्या, म्हणजे बायस फक्त पीटीटीवर येईल. त्याला आउटपुटच्या वर पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात, तेव्हा फील्ड डेला (मैदानात बॅटरीवर सेट चालवायच्या दिवशी) बॅटरी ११ वर उतरली तरी चालेल. १० च्या खाली मात्र बायस डगमगू लागेल. पायांची जोडणी करताना जपून: सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर ७८एल०८ चे पाय डावीकडून आउटपुट, ग्राउंड, इनपुट असे येतात. मोठ्या ७८०८ चे नेमके उलटे. हाताला मोठ्या रेग्युलेटरची सवय असते आणि चूक होते.

तुमचा ४७ मायक्रोफॅरड काढा. मॉसफेटचे गेट डीसी करंट घेतच नाही, तेव्हा तिथे एवढा साठा कशासाठी? उलट तुमच्या १० किलोओहम प्रीसेटसोबत त्याचा टाइम कॉन्स्टंट ९० मिलिसेकंदांच्या घरात जातो. मोर्समध्ये २० शब्द प्रतिमिनिट वेगाला एक डिट ६० मिलिसेकंदांचा. म्हणजे पीटीटी दाबल्यावर पहिला डिट बायस उठायच्या आत निघून जातो. सीडब्ल्यूवर (मोर्सवर) कोणी ‘पहिले अक्षर खाल्ले जाते’ असा रिपोर्ट दिला असेल तर कारण हे. मधल्या पायाला १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक आणि त्याला समांतर १ नॅनोफॅरड, दोन्ही पाय शक्य तितके आखूड. मधल्या पायापासून गेटकडे जाणारा १ किलोओहम आहे तसा राहू द्या. गेटवर कोणी ५.१ व्होल्टचा झेनर ‘संरक्षणाला’ लावला असेल तर तो तिथून काढा. गेटवर बायससोबत आरएफचा झोकाही असतो, झेनर त्याचे शेंडे कापतो, त्यातून डीसी तयार होऊन बायस सरकतो आणि वर विकृतीही येते. लावायचाच असेल तर १ किलोओहमच्या अलीकडे, बायस लाइनवर लावा.

डायोड बसवण्याचे काम नीट झाले नाही तर वरचे सगळे गणित कागदावर राहते. डायोडला हीटसिंकचे तापमान कळले पाहिजे, पीसीबीवरच्या हवेचे नव्हे. चारही डायोड एका ओळीत, काचेची अंगे दोन मॉसफेटच्या मधोमध हीटसिंकवर टेकवून, थर्मल पेस्टचा ठिपका लावून, वरून ॲराल्डाइटने बसवा. ॲराल्डाइट पूर्ण वाळेपर्यंत क्लिपने दाबून ठेवा. थेट मॉसफेटच्या धातूच्या टॅबवर चिकटवू नका. तिथे उष्णता लवकर कळते हे खरे, पण आयआरएफ ५१० चा टॅब म्हणजे ड्रेन; त्यावर पुरवठ्याच्या दुपटीपर्यंत आरएफ झुलत असते आणि काचेतून ती डायोडच्या पायांत शिरते. टॅबच्या वरचे काळे प्लास्टिक चालते. डायोडच्या साखळीच्या वरच्या टोकाला १० नॅनोफॅरड ग्राउंडला द्या. डायोडचे पाय उघडे राहिले तर हीटसिंकला टेकून साखळीतला एखादा डायोड शॉर्ट होतो. वरवर सगळे ठीक दिसते, भरपाई मात्र घटते. स्लीव्ह घाला.

हीटसिंकवर बसवलेला डायोड जंक्शनची उष्णता पूर्ण पकडत नाही. ड्राइव्ह सुरू असताना जंक्शन त्याच्यापेक्षा २०-२५ अंश गरम असू शकते. तरी मघाच्या ०.९ पैकी हीटसिंकचा ०.६ चा वाटा डायोड जवळजवळ पुसून टाकतात आणि ०.३ उरतो. तेवढा १ पासून पुष्कळ लांब आहे.

काही जण बीडी१३९ चा व्हीबीई मल्टिप्लायर, म्हणजे ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज गुणून देणारे सर्किट, सुचवतील. ऑडिओ अँप्लिफायरमधून आलेली सवय. बीडी१३९ ला स्क्रूचे भोक असल्याने हीटसिंकवर बसवायला तो फार सोयीचा, यात वाद नाही. पण ३.७ व्होल्ट मिळवण्यासाठी ०.६५ ला पावणेसहाने गुणावे लागते, आणि घसरणही तेवढ्यानेच गुणली जाते: ११ मिलिव्होल्टच्या वर. ही गरजेच्या जवळपास दुप्पट. लिनिअर उडणार नाही, पण तापला की बायस कोसळेल आणि तुमचा आवाज जड, फाटका होत जाईल. डायोडची साखळी मला आवडते ती यासाठी की भरपाई कमी-जास्त करायची तर एक डायोड काढता किंवा घालता येतो.

बायस लावण्याआधी मॉसफेट तपासून घ्या. लॅमिंग्टन रोडला असो, बुधवार पेठेत असो की ऑनलाइन, आयआरएफ ५१० च्या नावाखाली भलतेच काही मिळू शकते. सोपी चाचणी आहे: गेट आणि ड्रेन एकत्र जोडा, १२ व्होल्टपासून ३३ किलोओहममधून त्यांना द्या, सोर्स ग्राउंडला. करंट सुमारे २५० मायक्रोअँपिअर होतो, डेटाशीटमधला थ्रेशोल्ड याच करंटला मोजलेला असतो. ड्रेन-सोर्समधला व्होल्टेज म्हणजे त्या नगाचा थ्रेशोल्ड. २ ते ४ च्या बाहेर आला तर तो नग बाजूला. पाच-सहा नग मोजून ५० मिलिव्होल्टच्या आत जमणारी जोडी निवडा. मोजताना नग चिमटीत धरून बघा. बोटाच्या उबेने आकडा उतरताना दिसतो, हा सगळा लेख ज्यावर उभा आहे तो परिणाम तिथे मीटरवर समोर असतो.

आता सेटिंग. दोन्ही प्रीसेट खालच्या टोकाला. पीएच्या पुरवठ्यात अँमीटर, आणि पहिल्या वेळेला सिरीजमध्ये गाडीच्या मागच्या दिव्याचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब. काही चुकले तर बल्ब पेटेल आणि करंट दोन अँपिअरच्या फारसा पुढे जाणार नाही. सगळे शांत असेल तर बल्ब काढा, डमी लोड लावून, ड्राइव्ह न देता पीटीटी दाबा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. प्रीसेट तळाला असतानाही काही करंट दिसत असेल तर तो नग कमी थ्रेशोल्डचा आहे, दुसरा लावा. आता पहिला प्रीसेट हळूहळू वर, आकडा १०० ने वाढेपर्यंत. मग दुसरा, आणखी १०० ने वाढेपर्यंत. पुश-पुलमध्ये पुरवठा सामाईक असल्याने एकूण आकड्यापेक्षा वाढ महत्त्वाची. पाच मिनिटे तसेच ठेवा, परत बघा. मग लिनिअर ड्राइव्हने चांगला तापवा, ड्राइव्ह काढा, पुन्हा आकडा बघा. २०० चा १८० ते २५० मध्ये राहिला तर काम फत्ते. ३०० च्या वर गेला तर आधी डायोड हीटसिंकला खरोखर चिकटलेत का ते तपासा, मग पाचवा डायोड. १५० च्या खाली उतरला तर भरपाई जास्त झाली, एक डायोड कमी करा. डायोड बदलला की प्रीसेट नव्याने लावावे लागतात.

१०० मिलिअँपिअर हा आकडा µबिटेक्सचे रचनाकार अश्हर फरहान यांच्या सूचनांत आहे आणि आयआरएफ ५१० साठी चांगली सुरुवात आहे, पण तो काही वेदवाक्य नव्हे. मोबाइलवरून ७०० आणि १९०० हर्ट्झ असे दोन सूर एकत्र द्या आणि डमी लोडवरचे एन्व्हलप (सिग्नलच्या चढ-उताराची बाह्यरेषा) ऑसिलोस्कोपवर बघा. बायस कमी असेल तर दोन लहरी एकमेकींना छेदतात तिथे, शून्याजवळ, रेषा सपाट होऊन तुटल्यासारखी दिसते. बायस वाढवत जा. छेद स्वच्छ फुलीसारखा झाला की थांबा. पुढे वाढवून फक्त उष्णता मिळते. माझ्या मते या मॉसफेटला ८० ते १५० च्या मध्ये कुठेतरी हा बिंदू सापडतो. ऑसिलोस्कोप नसेल तर दुसऱ्या खोलीत आरटीएल-एसडीआर (कॉम्प्युटरला जोडायचा स्वस्त रिसीव्हर) ठेवून शेजारचे स्प्लॅटर, म्हणजे आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सींवर सांडणारा सिग्नल, बघता येते, फक्त त्याला अँटेना नको. नुसती उघडी वायरसुद्धा त्याला ओव्हरलोड करते आणि मग जे दिसते ते तुमचे नसून त्याचे स्वतःचे असते.

एफटी८ साठी वेगळा विचार करता येईल. एफटी८ चे एन्व्हलप स्थिर असते, एका वेळी एकच सूर. दोन सुरांचे मिश्रण नसल्याने लिनिअरिटीची गरज फारशी नाही. तिथे आयडल प्रत्येकी २५-३० मिलिअँपिअरवर आणला तरी चालतो. त्यासाठी ३.३ किलोओहमच्या सिरीजमध्ये आणखी १ किलोओहम घाला आणि एसएसबीसाठी (बोलण्यासाठी) तो शॉर्ट करणारा छोटा स्विच द्या. स्विचचा संपर्क बिघडला तर बायस कमी होतो, जास्त नाही. बिघाड व्हायचाच तर या दिशेने व्हावा. कमी बायसला हार्मोनिक वाढतात, तेव्हा लो-पास फिल्टर त्या त्या बँडचा आणि नीट हवा. परवाना तुमच्या नावावर आहे. सीडब्ल्यूवर हा स्विच वापरू नका. कमी बायस सिग्नलच्या चढ-उताराच्या कडा धारदार करतो आणि की-क्लिक (शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर टकटक) ऐकू येतात.

पण खरी उष्णता आयडल करंटची नाहीच. ८ वॅट आउटपुटला तुम्ही १.४ अँपिअर घेत असाल तर १९ वॅट आत जातात आणि ११ वॅट हीटसिंकमध्ये. आयडलचे २०० मिलिअँपिअर म्हणजे पावणेतीन वॅट. एफटी८ मध्ये १५ सेकंदांच्या खिडकीत साडेबारा सेकंद ट्रान्समिट असते, एकाआड एक खिडकी धरली तर सरासरी निम्मी पडते. तरीही तुमचा हीटसिंक लहान आहे. बायस बदलल्यावर करंट पळणार नाही, हीटसिंक मात्र पूर्वीसारखाच चटका देईल, कारण ते काम बायसचे नाही. कॉम्प्युटरचा जुना ८० मिलिमीटरचा पंखा ७-८ व्होल्टवर हळू फिरवला तरी हीटसिंकचा रोध निम्म्यावर येतो. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना पेस्ट पातळ लावा. जाड थर उष्णता अडवतो.

२४ व्होल्टबद्दल. ओढ समजते. ड्रेनची कपॅसिटन्स जास्त व्होल्टेजला घटते, १४ मेगाहर्ट्झच्या वर जिथे हा मॉसफेट दमतो तिथे गेन सुधारतो आणि आउटपुट वाढते. भरपाईचे डायोड बसल्यावर मघाचा ०.३ फार तर ०.५ होईल, म्हणजे रनअवेची भीती राहत नाही. राहतो तो अँटेनाचा प्रश्न. ड्रेनवर साध्या स्थितीत ४८ व्होल्टचे शेंडे, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचे माप) बिघडला की त्याहून पुष्कळ वर, आणि मॉसफेटची मर्यादा १००. पावसाळ्यात बालनमध्ये (अँटेना आणि केबल जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) पाणी शिरले आणि कोणी न बघता पीटीटी दाबले, एवढे पुरते. शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे गुणोत्तर १३.८ व्होल्टसाठी काढलेले आहे, ते बदलावे लागेल. आयडलही त्याच करंटला पावणेदोनपट वॅट खातो. मोठा हीटसिंक, पंखा, आणि जास्त एसडब्ल्यूआरला ड्राइव्ह तोडणारे सर्किट, हे तीन बसल्याशिवाय जाऊ नका.

त्याऐवजी आरडी१६एचएचएफ१ बघा, असे मी म्हणेन. मित्सुबिशीचा हा मॉसफेट मुळातच १२.५ व्होल्टला, ३० मेगाहर्ट्झपर्यंतच्या आरएफसाठी केलेला आहे आणि १० मीटरवर (२८ मेगाहर्ट्झच्या बँडवर) आयआरएफ ५१० सारखा गळून पडत नाही. पायांचा क्रम वेगळा: गेट, सोर्स, ड्रेन, आणि टॅब सोर्सला जोडलेला, त्यामुळे अभ्रक लागत नाही. त्याला आयडल जास्त लागतो, प्रत्येकी पाव अँपिअरपासून सुरुवात करा. याची कमाल ड्रेन-सोर्स मर्यादा ५० व्होल्ट, तेव्हा त्याच्यासोबत २४ व्होल्टचा विषयच सोडा. नकली माल याच्यात आयआरएफ ५१० पेक्षाही जास्त सापडतो.

शेवटी, हे सगळे मॉसफेटपुरते. तुमच्या जुन्या सेटमध्ये २एससी१९६९ सारखे बायपोलर ट्रान्झिस्टर असतील तर वरचे सर्किट तिथे लावू नका. बेस करंट घेतो. कलेक्टरला २ अँपिअर आणि गेन ४० धरला तरी बेसला ५० मिलिअँपिअर हवेत, तेही ०.६५ व्होल्ट जराही न हलता. ५ किलोओहमच्या प्रीसेटकडून ते होणे नाही. तिथे हीटसिंकवर बसवलेला एकच डायोड आणि त्याच्यामागे करंट पुरवणारा एमिटर फॉलोअर (व्होल्टेज तोच ठेवून जास्त करंट देणारा ट्रान्झिस्टर) लागतो, आणि डायोड व ट्रान्झिस्टर दोघेही दर अंशाला सारखेच २ मिलिव्होल्ट उतरत असल्याने डायोड मोजत बसावे लागत नाही.